सिगरेट सोडलेला भाटकार

आजारपणाचा एवढा थाट करणारा माणूस आमच्या व्याह्यांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. माझी मुलगी डिचोलीहून सून म्हणून पेडण्याला त्यांच्या घरी गेली, तेव्हा हे गृहस्थ सरकारी कचेरीत होते, एका सिगरेटीवर दुसरी पेटवत होते, आणि आपल्याला पाठ आहे याची त्यांना खबरही नव्हती. पाठीचा शोध लागला तो निवृत्तीच्या समारंभात. साहेबांनी भाषणात त्यांना 'ताठ कण्याचा कर्मचारी' म्हटलं, अंगावर शाल घातली, आणि शाल डाव्या खांद्यावरून घसरून खाली पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. शेवटी शिपायाने मागून धरून ठेवली तेव्हा कुठे फोटो निघाला. फोटो पाहून माझी मुलगी सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तुमचो एक खांदो खाली आसा." मग पणजीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, की कण्याला बाक आहे, त्याला स्कोलिओसिस म्हणतात, तरुणपणापासूनच असावा आणि वयाबरोबर वाढला. "सरळ होणार नाही. वाढणार नाही एवढं बघायचं. रोज व्यायाम, रोज चालणं आणि सिगरेट आजपासून बंद." यावर व्याह्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "ह्यातला एखादा कमी जायत काय?"

तेव्हापासून त्यांच्या घरी पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर एक्स-रे मिळू लागला. तो खिडकीशी धरून पाहायचा आणि हळहळायचं, अशी पद्धत आहे. "तसा फार नाही हो बाक," असं कुणी धीर द्यायला म्हणालंच, तर व्याही दुखावतात आणि त्या पाहुण्याचा चहा लांबतो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना दबलेल्या बाजूच्या फासळ्यांत श्वास भरायला सांगितलं आहे. हे कार्य ते कुठेही करतात. नातवाच्या बारशाला भटजी नाव विचारत होते, तर आजोबा एका अंगाने फुगून डोळे मिटून उभे, आणि सगळे त्यांचा श्वास सुटायची वाट पाहत ताटकळलेले. शिवाय भिंतीवरच्या तसबिरी तिरक्या दिसतात म्हणून त्या सरळ करायची त्यांना सवय लागली. आता त्यांच्या घरातले सगळे देव आणि पूर्वज डावीकडे कलून पाहतात. मागच्या खेपेस त्यांनी आमच्या घरातलाही गणपती सरळ केला; ते गेल्यावर आम्ही तो पूर्ववत केला.

गावानेही त्यांच्या पाठीत लक्ष घातलं. एकाने दुसऱ्या खांद्यावरून पाण्याची घागर आणायला सांगितली, दुसऱ्याने आंब्याच्या फांदीला लोंबकळायला. बसस्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर तर असं ठरलं, की सिगरेट सोडली म्हणूनच पाठ वाकली. आधी कुठे वाकलेली होती? व्याह्यांनी मात्र सिगरेट खरोखरच सोडली. तिच्या जागी पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, काकणं आली. ही बांगडीसारखी कडक पावाची कडी. तिचा तुकडा ते दोन बोटांत धरतात, खिडकीतून दूर बघत चावतात आणि चुरा बशीत झटकतात. गाड्यावरही जातात आणि ओढणाऱ्याच्या शेजारी वाऱ्याची दिशा पाहून बसतात. "वास घेवक डॉक्टरान खंय बंदी केली हा?" असं वर विचारतात.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, पण जत्रा आली. गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक होतं आणि त्यातला दुष्ट भाटकार, म्हणजे जमीनदार, वर्षानुवर्षं आमचे व्याहीच करत आले. भाटकार प्रवेश करतो, सिगरेट शिलगावतो, धुराची वलयं सोडतो आणि मगच कुळाला घराबाहेर काढतो. कुळाचं काय होतं याची कुणाला फिकीर नव्हती. लोक वलयं बघायला यायचे. मंडळाची बैठक बसली आणि कलेसाठी ओढलेली सिगरेट ही सिगरेट नव्हे, असं एकमताने ठरलं. विहीणबाई तेवढ्या म्हणाल्या, "घराक येताना ती थंयच ठेवन येतले जाल्यार ओढूंदे."

दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "व्याहीबुवा, लोक सांगतत, एकच ओढ. एका सिगरेटीन पाठ मोडणा नाय, ता माका कळता. भय एकाच गोष्टीचा."

"कसलं?"

"ती माका गोड लागतली."

भूमिका सोडा म्हणावं, तर निवृत्तीनंतर त्यांना लोक ओळखत होते ते त्या भूमिकेमुळे.

जत्रेच्या संध्याकाळी मी पहिल्या रांगेत विहीणबाईंच्या शेजारी होतो. भाटकार आला. डावीकडे कललेली ती चाल म्हणजे श्रीमंतीचा माज समजून लोकांनी टाळ्या पिटल्या. त्याने सिगरेट ओठांत धरली, काडी ओढली. विहीणबाईंनी पदर मुठीत धरला. काडी जळत बोटांपर्यंत आली, विझली. मागून कुणीतरी ओरडलं, "झुरको ओड मरे!" व्याह्यांनी दुसरी काडी ओढली, तिच्याकडे पाहिलं, मग ओठांतली सिगरेट काढून शेजारच्या नोकराच्या हातात दिली आणि खास भाटकारी मराठीत म्हणाले, "घे. आमच्या घराण्यात आता हे काम गडी करतात."

मांडव हसून कोसळला. नोकराने मनापासून झुरके मारले आणि त्या नादात आपली वाक्यं विसरला. दिग्दर्शक विंगेत कपाळावर हात मारून उभा होता.

यंदा भाटकार दुसऱ्याला दिला. ताठ पाठीचा तरुण आहे, वलयं झकास सोडतो. व्याही माझ्या आणि विहीणबाईंच्या मधे बसले होते. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, धूर आमच्यापर्यंत आला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मी हळूच विचारलं, "आठवण येते का अजून?"

"सिगरेटीची न्हय," ते म्हणाले. "टाळ्यांची."

मला फार वाईट वाटलं. टाळ्या थांबल्या, नाटक पुढे सरकलं. विहीणबाई मात्र अजून हळूहळू टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांचं तोंड रंगमंचाकडे नव्हतं.