राजाच्या पाठीवरची अक्षरं

कोरलेला दगड दाखवताना काका आधी त्याची पाठ दाखवायचे. तिथे ठळक देवनागरीत कोरलेलं असायचं, 'नक्कल'. "आधी हे वाच, मग पुढून बघ," म्हणायचे.

रायस्वाइक या डच गावात ते आमचे शेजारी. जन्मभर कॉम्प्युटरसमोर बसलेला हा कोल्हापूरचा माणूस निवृत्तीनंतर मागच्या शेडमध्ये छिन्नी-हातोडी घेऊन प्राचीन माया लोकांचे राजे कोरू लागला. डोक्यावर पिसांचा मुकुट, कानात बशीएवढी कुंडलं. मायाच का, असं तुम्हीही विचारलं असतंत.

"मेक्सिकोत एकाने खरा म्हणून खोटा दगड माझ्या गळ्यात मारला. माझ्या हातून तसं कोणाचं होता कामा नये."

आमच्या वास्तुशांतीला त्यांनी मला एक राजा दिला. पाहुणे विचारायचे, "खरा आहे?" नाही म्हणताना माझा चेहरा पडायचा. शेवटी गणपतीला सगळी मंडळी यायच्या आदल्या दिवशी मी ग्राइंडर आणला आणि पाठीवरची अक्षरं घासून टाकली. हो, मीच. मग दहा दिवस राजा मिरवला. पुढे लेकीच्या टेबलाला जागा हवी म्हणून तो क्रिंगलोपला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, देऊनही आलो.

एका शनिवारी काका फोन घेऊन दारात उभे. कुठल्याशा लिलावाच्या पानावर आमचा राजा, खाली 'अस्सल, प्राचीन'. पुढच्या फोटोत त्याची गुळगुळीत पाठ.

माझ्या खांद्यावरून त्यांनी आत राजाच्या जागी आलेल्या टेबलाकडे पाहिलं. "कोणी घासलं रे?"

"दुकानवाल्यांनी असेल, काका."

इतक्या सहज खोटं बोललो की मीच हादरलो.

"असेल," म्हणाले, आणि गेले. पत्रं लिहून लिहून त्यांनी ती विक्री थांबवली. माझ्याशी हसून बोलत राहिले, पण शेडमध्ये पुन्हा कधी बोलावलं नाही.

या वसंतात काका गेले. त्यांची लेक टॉवेलात गुंडाळलेला दगड घेऊन आली. "बाबा सेड धिस वन इज फॉर यू."

सवयीने मी आधी पाठ पाहिली. कोरी! क्षणभर वाटलं, काकांनी माफ केलं. मग दगड पुढून फिरवला. या वेळी तीच अक्षरं राजाच्या तोंडावर होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत, बोटाचं पेर जाईल इतकी खोल. ती घासायची तर राजाचा चेहराच घासावा लागेल.

त्या पोरीसमोरच माझ्या तोंडून निघालं, "काका, मीच घासलं होतं."