उन्हात बघणारी बाई

दौंडच्या बाजारपेठेत एक पार्लरवाली बाई आहे. घरातल्या बायकांना सोडायला मी तिथं जातो आणि बाहेरच्या बाकावर बसून राहतो. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण कामाचं माणूस कोण, ते मला कळतं. ही बाई बोटानं इवलंसं काहीतरी लावते आणि लावलेलं निम्मं पुसून टाकते. मग गिऱ्हाइकाला दंडाला धरून बाहेर उन्हात आणते, आणि तिचंच मनगट तिच्या गालाजवळ धरून रंग जुळला का बघते.

नातीच्या लग्नादिवशी मी हटून बसलो. झेंडू तोडून तोडून पोरगी काळवंडली होती. सासरच्यांनी नावं ठेवू नयेत म्हणून म्हणालो, "बाई, दोन हात जास्त मारा. गोरी दिसली पायजे."

"आबा, तोंड गोरं करीन मी. हाताचं काय करू? नवरा हातच धरणार हाय."

मी परत बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. सहसा कुणाचं ऐकत नाही मी.

मांडवात मेहुणी म्हणाली, "दाजी, पोरीला पार्लरला न्हेलंच न्हाई व्हय?"

"न्हेलं हुतं," मी म्हणालो, "आन् आपलीच पोरगी माघारी आणली."