पशाच्या गडावरची माणसं

गावी देवचाराच्या, भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जेवायला जायचो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितोय... कारण रूमवर कोणाला सांगायला गेलो की ते नुसते पाठीवर हात ठेवतात.

मी मस्कतला गाला इंडस्ट्रियल एरियात गॅरेजमध्ये डेंटर, म्हणजे गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकणारा, राहायला दार्सैतला. धाकटा भाऊ पशा लांब सहम नावाच्या गावी, दुकानात. भेट क्वचित व्हायची. म्हणून आम्ही मोबाइलवर किल्ल्यांच्या लढाईचा गेम खेळायचो — दोघं एका बाजूला, समोर कॉम्प्युटर. एकदा मी चाल करायची, एकदा त्याने.

त्या गेममध्ये एक भिकार गोष्ट आहे. वेढ्यातला किल्ला शरण गेला की आतली माणसं दरवाजाबाहेर, थेट शत्रूच्या मधोमध येऊन उभी राहतात आणि पुढच्याच चालीत कापली जातात. माघार घेतली तरी तेच. पशा जाम वैतागायचा. "दादा, ह्या गेमवाल्यांनी दिवाळीत कधी किल्ला केलेला नाय. आपण अंगणात मातीचा करायचो, त्याला पण चोरदरवाजा ठेवायचो."

मग पशाला ताप आला, वाढतच गेला, ॲडमिट केलं. बेडवरून त्याचा मेसेज — "दादा, गडावर दाणा संपलाय. पण मी शरण जाणार नाय. माझी माणसं मरतील."

मी लिहिलं, "गेम मरू दे, तू झोप. शुक्रवारी सुट्टी आहे, येतो."

बुधवारी सकाळी फोन आला. खलास. माझा पशा गेला, आणि शेवटी त्याच्याजवळ आपलं एकही माणूस नव्हतं.

गावी सगळं उरकून परत आलो. त्याचा मोबाइल तेव्हापासून बंद, माझ्याच बॅगेत. एका दुपारी गेम उघडला. तो गेला त्या दिवशी पाहिलं तेव्हा चाल पशाचीच राहिली होती, ती त्याच्या मोबाइलशिवाय होऊच शकत नाही... पण झाली होती. गड शरण गेलेला. आणि त्याची सगळी माणसं जिवंत, वेढ्याच्या पार, माझ्या किल्ल्यात येऊन थांबलेली.

रूमवरचा सलीम, आमच्याच रत्नागिरीकडचा, म्हणाला, "अपडेट आला असेल रे." मग त्याच्यासमोर नवीन डाव मांडून दोन-तीनदा शरण गेलो. दर वेळी सगळे मेले. सलीम उठून चहा ठेवायला गेला.

बाबा गावाहून फोन करतात. दर वेळी एकच विचारतात, "त्याला शेवटी त्रास झाला काय रे?" मला काय ठाऊक, मी होतो कुठे तिथे. आधी विषय बदलायचो. आता सांगतो, "नाही बाबा. सुखरूप बाहेर पडला."

बाबा "बरं" म्हणतात. मी खरं सांगतोय की खोटं, मला अजून माहीत नाही.