राजाच्या डाव्या बाजूला

चांगो गेल्याची बातमी मला फोनवर नाही कळली, पेपरात कळली. त्याच्या मुलाने रात्री फोन केला होता म्हणे, पण मी रात्री फोन उचलत नाही. सकाळी देवळासमोरच्या कट्ट्यावर बसलो होतो, तर शेजारच्या म्हाताऱ्याने पेपर पुढे केला. कोपऱ्यात चार ओळी आणि बोटाच्या पेराएवढा फोटो. ‘जुन्या काळातील चरित्र अभिनेते’ असं लिहिलं होतं. आता खोटं कशाला लिहू... माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते नंतर. आधी मनात आलं, की बघा, याच्या मरणाचीसुद्धा बातमी झाली. मी मरेन तेव्हा देवळाच्या फळ्यावर खडूने लिहितील, आणि तेही संध्याकाळी पोरं पुसतील.

पेपराच्या या पुरवणीच्या बाईंनी मला विचारलं, की तुम्ही त्यांचे लहानपणापासूनचे, तुम्ही काही सांगा. नातसून म्हणाली, “आजोबा, तुम्ही बोला, मी लिहिते.” मी म्हटलं, नको. मी तीन इयत्ता शिकलोय, पण तीन इयत्तांत सगळी अक्षरं येतात. चांगोबद्दल लिहायचं तर माझ्याच हाताने लिहीन. दुसऱ्याच्या हाताने लिहिलं तर सगळं गोड होईल, आणि आमचं सगळं गोड नव्हतं.

नवी मुंबईत आता ज्याला सीवूड्स म्हणतात, जिथे तो मोठा मॉल आहे, त्याच्या अलीकडे पलीकडे तेव्हा खाडी आणि मिठागरं होती. आम्ही दोघं तिथे मीठ वाहायचो. मुंबईला जायचं तर भरती बघून मचव्यात बसायचं. गावाची जत्रा चैत्रात, आणि जत्रेला नाटक ठरलेलं. आमच्याच गावातल्या मास्तरांनी लिहिलेलं, दरवर्षी तेच. त्यात एक राजा असतो, त्याला शेवटी दगा होतो, आणि मरताना तो भलं मोठं भाषण करतो. तो राजा मी. माझा आवाज एवढा, की पलीकडच्या पाड्यावरची माणसं घरात बसून नाटक ऐकायची. चांगो कधी सैनिक, कधी दासी, कधी पडदा ओढायला. राजा मी होतो, हे गावात कोणालाही विचारा. विचारायला आता फारसं कोणी उरलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पन्नास सालानंतर काही वर्षांनी मिठागरावर सिनेमाची कंपनी आली. दोन ट्रक, छत्र्या, आणि काळा चष्मा लावलेला एक डायरेक्टर. गावातला एक माणूस पाहिजे, असं कळलं. मला वाटलं, माझ्यासाठीच आलेत. मी घरी पळालो, जत्रेची पेटी उघडली आणि राजाचा मखमली कोट घातला, वर मुकुट, कमरेला लाकडी तलवार. नट आहे हे दाखवायचं तर नटासारखं जायला नको? उन्हात मिठाच्या ढिगाऱ्यांमधून मी चालत गेलो तेव्हा कंपनीची सगळी माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं मान देतायत. नंतर कळलं, हसू आवरायला तोंड फिरवत होती.

डायरेक्टर म्हणाला, “समजा कोणी येऊन सांगितलं, तुझा भाऊ बुडाला. काय करशील?” मी छाती पिटली, मुकुट फेकला, गुडघ्यांवर पडलो आणि असा टाहो फोडला, की बांधावरचे बगळे उडाले. तेवढ्यात चांगो मिठाची टोपली डोक्यावर घेऊन तिथून चालला होता. डायरेक्टरने त्यालाही तेच विचारलं. चांगोने टोपली खाली ठेवली. थोडा वेळ खाडीकडे बघितलं. मग टोपली परत उचलली, डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. डायरेक्टर ओरडला, “हाच! थांबवा त्याला!”

संध्याकाळी मी चांगोला धरलं. “अरे, भाव मेला तर टोपली कोन उचलतो?”

तो बोलला, “मुकादम बघत व्हता ना. भाव मेला तरी मीठ तर पोचवायचा हाय.”

तेवढ्यावर तो मुंबईला गेला. लालबागला गावच्या माणसांच्या खोलीवर राहायचा, सकाळी स्टुडिओच्या फाटकावर जाऊन उभा राहायचा. हवालदार, टांगेवाला, पुजारी, शेटजींचा नोकर, कोर्टातला शिपाई... हिरो कधी नाही, खलनायक कधी नाही. पोस्टरवर कधी नाही. सणाला गावी आला की मी पहिलं विचारायचो, “या येळेला किती बोललास?” तो म्हणायचा, “दोन वाक्यं. एक कापलं.” मी मोठ्याने हसायचो, चारचौघांत. तोही हसायचा. मला त्याच्या हसण्याचा राग यायचा. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

पनवेलला तंबूत सिनेमा लागला, त्यात चांगो आहे असं कळलं, तेव्हा अख्खं गाव बैलगाड्या जोडून गेलं. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, “तुमी नाय आलं तरी मी जाणार,” म्हणून गेलो. सिनेमात तो नोकर होता. शेटजी त्याला ओरडतो, टेबल नीट पुसत नाहीस म्हणून. टेबल स्वच्छ असतं. चांगो एकदा टेबलाकडे बघतो, एकदा शेटजीकडे बघतो, आणि परत पुसायला लागतो. बस. एवढंच. आणि तंबू हसून कोसळायचा बाकी राहिला. माझी बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. लग्न झाल्यापासून मी तिला किती नकला करून दाखवल्या, ती कधी अशी हसली नव्हती. परत येताना गाडीत तीच गोष्ट, “चांगोभावजी कसं पुसत व्हतं ओ!” दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ताटली धुऊन तिने ती तशीच पुसली, एकदा ताटलीकडे बघून, एकदा माझ्याकडे बघून. मी ताटली हातातून काढून घेतली आणि केळीच्या पानावर जेवलो.

एकदा मी त्याला सरळच विचारलं. मचव्याची वाट बघत धक्क्यावर बसलो होतो. “खरं सांग, तू तिथं कं करतंस?”

“काय नाय करत. समोरचा बोलतो त्यो ऐकतो.”

“ऐकायला कला लागते? आमचा बैलपन ऐकतो.”

“बैल बरा ऐकतो,” चांगो म्हणाला. “त्याला मधी बोलायचा नसतो.”

साठ सालानंतर त्याची कामं कमी झाली. आई आजारी म्हणून तो काही महिने गावात राहिला. जत्रा आली. तालमीला येऊन मागे बसला, आणि शेवटी बोलला, “मनाबी एक काम दे ना.” गावातली पोरं खूश झाली, सिनेमातला माणूस आपल्या नाटकात! कोणी म्हणालं, प्रधान द्या, कोणी म्हणालं, सेनापती द्या. तालीम मी घेत होतो. मी म्हटलं, “भालदाराचं हाय. राजाच्या डाव्या बाजूला काठी धरून उभा राहायचा. बोलायचा काय नाय.” मी मुद्दामच दिलं, त्यात लपवायचं काय? तिकडे तुला दोन वाक्यं देतात, इथे तीपण नाहीत, हे त्याला कळायला पाहिजे होतं. तो म्हणाला, “चालंल.” आणि काठी कशी धरायची ते मलाच विचारलं.

त्या वर्षीचा राजा मी जन्मात विसरणार नाही. भाषण सुरू झालं आणि समोर बायका रडायला लागल्या. दरवर्षी एखादी म्हातारी डोळे पुसायची, त्या वर्षी सगळा मांडव रडत होता. तरणे गडी नाक ओढत होते. मला अजून चेव चढला, मी भाषण लांबवलं, दोनदा मेलो. पहाटे नाटक संपवून घरी आलो तो हवेत. बायकोला म्हटलं, “बघितलंस ना? गाव रडला.”

ती चूल सारवत होती. म्हणाली, “आमी चांगोभावजींकडं बघत व्हतो. तुमी मरत व्हतं आनी त्या बिचाऱ्याला हलताबी येत नव्हता... काठी धरून उभा. त्याचा तोंड बघून सगल्यांना रडू आला.”

मी तसाच तंगड्या टाकत चांगोच्या दारात गेलो. तो ओटीवर दात घासत होता. “माझा प्रवेश खाल्लास तू.”

“मी? मी तं हललोपन नाय.”

“मंग लोकं रडली कशाला?”

“तू मरत व्हतास ना,” तो चूळ भरून म्हणाला.

मला एकच विचारायचं होतं. शेवटी मी विचारलंच. “मी... बरा मेलो काय?” सिनेमातल्या माणसाकडून मला ते ऐकायचं होतं. गावाने शंभरदा म्हटलं असेल, गावाला काय कळतं. चांगोने माझ्याकडे बघितलं, हसला, आणि म्हणाला, “सांगतो कवातरी.” दुपारच्या भरतीला मचव्यात बसून निघून गेला.

तेव्हापासून मी त्या ‘कवातरी’ची वाट बघत बसलो. चांगो दर जत्रेला आला. शूटिंग असो, ताप असो, जत्रेच्या आदल्या दिवशी तो गावात हजर. दुसरं काम कधी मागितलं नाही, दिलं तरी घेतलं नाही. काठी धरायची, राजाच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, मी मरेपर्यंत ऐकायचं. मला वाटायचं, मला खिजवायला येतो. पुढे शहर झालं, मिठागरं गेली, जमिनी गेल्या, नाटक पण लहान होत गेलं. शेवटी पोरांनी ऑर्केस्ट्रा आणायला सुरुवात केली आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांना सुरुवातीला दहा मिनिटं द्यायची म्हणून दिली. दहा मिनिटांत राजा फक्त मरतो. तरी तो यायचा. टीव्हीवर त्याचे जुने सिनेमे दाखवायला लागले, तेव्हा पोरं त्याच्या पाया पडायची आणि मला म्हणायची, “आजोबा, जरा सरका ना, फोटो काढायचाय.”

शेवटची भेट वाशीला, हॉस्पिटलात. बोलायला त्रास होत होता त्याला. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, “आता तरी सांग. राजा कसा करतो मी?”

तो पुटपुटला, “बोल ना.”

मी सुरू केलं. हॉस्पिटल आहे हे विसरलो, आवाज चढला. नर्स धावत आली, “बाबा, हळू! पेशंट आहेत.” मी हळू केलं नाही. राजा हळू मरत नाही. चांगो माझ्याकडे बघत होता, मांडवात बघायचा तसाच, जसं काही पहिल्यांदाच ऐकतोय. भाषण संपलं. मी वाट बघितली. त्याने डोळे मिटले. झोप लागली. मी छत्री उचलली आणि रागाने घरी आलो, बसमध्ये कोणाशी बोललो नाही. परत गेलो नाही. मग पेपर आला.

चांगो गेल्यावर काही आठवड्यांनी जत्रा आली. पोरांनी विचारलं, “आजोबा, करणार ना? भालदार म्हणून त्यांच्या पुतण्याला उभा करू.” मी म्हटलं, कोणी नको. तो माझा प्रवेश आहे, एकदा तरी मी एकट्याने करणार. मनातून बरं वाटत होतं, लपवत नाही. इतकी वर्षं वाट बघितली होती या रिकाम्या स्टेजची.

दिवे लागले, मी उभा राहिलो. भाषण सुरू केलं. आवाज अजून आहे माझ्यात. पहिल्या रांगेत आमच्या वयाच्या चार बायका होत्या, बाकी सगळी मोबाईलवाली पोरं. दोन वाक्यं झाली आणि मी बघितलं, त्या चौघी माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या डाव्या बाजूला बघत होत्या. तिथे कोणी नव्हतं. फळी आणि पाठीमागचा पडदा. तरी बघत होत्या, आणि एकीने पदर डोळ्याला लावला... मग मीपण वळून बघितलं. राजाने त्या प्रवेशात कधी डावीकडे बघायचं नसतं, मीच बसवलेलं नाटक आहे. बघितलं, आणि पुढचं वाक्य आलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उभाच राहिलो. मांडव एकदम शांत झाला, मोबाईलवाली पोरंसुद्धा मान वर करून बघायला लागली. मी न बोलता किती वेळ उभा होतो, देव जाणे. मग खाली बसलो, म्हणजे राजा मेला. आणि टाळ्या आल्या, तशा मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या.

मेला तरी प्रवेश त्यानेच खाल्ला.

परवा मंडळाची पोरं घरी आली होती. पुढच्या वर्षी स्टेजवर डावीकडे मोठा स्पीकर ठेवायचा म्हणतात, तिकडे जागा रिकामीच असते ना. मी सांगितलं, उजवीकडे ठेवा, माझ्या डोक्यावर ठेवा, पण तिथे नाही. एक पोरगा हसत म्हणाला, “आजोबा, तिथं कोन हाय आता?” मी त्याला म्हटलं, तू मुकाट्याने दुसरीकडे ठेव. मला अजून त्याच्याकडून ऐकायचं आहे, मी बरा मेलो की नाही.