व्हरांड्यात अंथरलेला पेपर

"ओत," काकू म्हणाल्या.

मी बॅग उलटी केली. आधी दोन कुर्ते पडले. मग टॉवेलात गुंडाळलेले माझे आतले कपडे. मग मायनं बांधून दिलेल्या भाकरी आणि जवसाची चटणी. सगळं कालच्या पेपरवर. हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या माझ्या त्या भाड्याच्या घराचा व्हरांडा रस्त्याला लागूनच होता आणि गेट सताड उघडं. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला होता, त्यानं मान दुसरीकडे वळवली. त्याला लाज वाटली. काकूंना नाही.

काकू हातानं शिवत नसत. उंच तारेवर कपडे वाळत घालायची काठी होती त्यांची, तिनंच एकेक वस्तू बाजूला सारत. त्या काठीनं टॉवेल उलगडला. माझी निकर रस्त्याच्या उजेडात. काठी पुढे सरकली आणि औषधाच्या एका रिकाम्या पट्टीवर थांबली.

"हे काय?"

"आईच्या गोळ्या. संपल्यात. रिकामी पट्टी दाखवली की डॉक्टर पुढच्या देतात."

"आईच्या, की विकायच्या धंद्याच्या?"

आत झोपाळ्यावर त्यांचा मुलगा रोहन मोबाईल बघत बसला होता. तो हसला. फार मोठ्यानं नाही. पण हसला. मी खाली बसून माझं सामान गोळा केलं. चटणीची पुडी फुटली होती. पेपरवर सांडलेली चटणी मी बोटांनी पुसून घेतली, कारण ती मायनं कुटलेली होती.

ही त्या घराची रीत. काका सचिवालयातून निवृत्त झालेले, घराणं हैदराबादेतलं जुनं, वाडवडील निजामाच्या कचेरीत. वरच्या मजल्यावर नोकरी करणाऱ्या मराठी मुलींना ते खोल्या देत. 'आपल्या मुली' म्हणत. आम्ही चौघी होतो. तिघी तेलंगणातल्या लहान गावांच्या, एक पुण्याची. आम्ही तिघी गावी जाऊन आलो की व्हरांड्यातच थांबायचं, काकू पेपर अंथरणार, आम्ही ओतणार. पुण्याची मुलगी चाकांची बॅग ओढत सरळ जिना चढायची.

एकदा मी विचारलंच. तिची का नाही बघत?

"अगं, तिच्याकडे कुठं तुमचं ते कल्लूचं प्रकरण असतं? रोज पेपरात येतं तुमच्या भागातलं. घरात तरुण मुलगा आहे माझा. मला जपायला नको?"

कल्लू म्हणजे ताडी. आमच्या भागात ताडीत झोपेच्या औषधाची पावडर मिसळून विकतात, ते पेपरात येतं. काकूंनी वाचलं तेवढं खरं होतं. ती पावडर आमचं काय करते, हे मात्र पेपर वाचून कळत नाही. मी सांगते.

माझं गाव निजामाबादच्या पलीकडे, गोदावरीच्या अंगाला. निम्मे मराठी बोलणारे, निम्मे तेलुगू, आणि भांडताना सगळे उर्दू. एकदा येऊन बघा. तरणा पुरुष दिसायचा नाही. कुणी दुबईला, कुणी मस्कतला, कुणी हैदराबादच्या बांधकामावर. शिकलेल्या पोरी माझ्यासारख्या शहरात. मागे उरलेत म्हातारे, शाळेतली पोरं आणि विड्या वळणाऱ्या बाया. दहावीच्या पुढं शिकायला बस पकडावी लागते. कामाला बस. चांगल्या डॉक्टरला बस. कल्लूचं दुकान तेवढं चालत जाण्याच्या अंतरावर. शिरगणतीवाले येतात, डोकी मोजून जातात. त्या डोक्यांत काय चाललंय ते मोजायला कुणी येत नाही.

माझा बाप मस्कतला गेला. आधी पैसे यायचे, मग नुसते फोन, मग तेही नाही. माय दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पाठ मोडायची. दिवस मावळताना गल्लीतल्या साऱ्या बाया कल्लूच्या दुकानामागं बसायच्या. मायही. घरी यायची, जेवायची, झोपायची. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मला वाटायचं, कष्टाचं अंग आहे, दोन घोट घेतले तर कुठं काय बिघडलं. तिलाही तेच वाटायचं. त्या बाटलीत झाडाचं काय आणि पोत्यातलं काय, हे एकीलाही माहीत नव्हतं.

मग धाड पडली. दुकानाला सील लागलं. गावात भाषणं झाली, फोटो निघाले. मलाही आनंद झाला. आता माय सुटली म्हणून.

माय सुटली नाही. तिला घाम फुटला. झोप उडाली. भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. आणि मग मी ते पाहिलं. समोर सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही, आणि माय रिकाम्या हवेत विड्या वळत होती. बोटं अगदी बरोबर चालत होती. पान गुंडाळायची, टोक दाबायची, दोरा बांधायची, विडी बाजूला ठेवायची. तिथं काहीच नव्हतं.

"पान संपलं वं बाई," मला म्हणायची. "आणखी आण ना."

मी तिचे हात धरले. ते माझ्या हातात वळत राहिले.

सरकारी दवाखान्यात आमचीच गल्ली भरली होती. एका खाटेवर दोघी. कुणी भिंतीशी बोलत होती, कुणाला बांधून ठेवलं होतं. तिथली डॉक्टरीण चिडून म्हणाली, ही ताडीची नशा नाही, पावडरीची आहे, एकदम तोडली तर जीव जातो, औषध देऊन हळूहळू उतरवावी लागते. धाड घालणाऱ्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्या शेजारची पोशव्वा, जी माझ्या केसांना तेल लावून द्यायची, ती त्या दवाखान्यातून घरी आली नाही. तिचा मुलगा मस्कतहून पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आणि ही पावडर येते कुठून? शिंदीच्या झाडाला लागत नाही. गोदावरीच्या पुरात वाहून येत नाही. हैदराबादच्या बाहेर शेड टाकलेल्या असतात, केमिस्ट्री शिकलेली माणसं ती बनवतात, आणि गाड्या भरभरून आमच्याकडे येतात. शहरातून गावाकडे. आणि झडती मात्र गावाहून शहरात येणाऱ्या पोरींच्या चड्ड्यांची.

पुढं मला हैदराबादेत, नारायणगुड्यात चष्म्याच्या दुकानात नोकरी मिळाली. मायला मी इथल्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, हळूहळू कमी करायच्या. मी इथून नेऊन द्यायची, रिकाम्या पट्ट्या परत आणायची. त्या पट्ट्यांवरच डॉक्टरांचा विश्वास होता. त्यात काही गडबड झाली असती तर गोळ्या बंद, आणि माय परत हवेत विड्या वळत बसली असती. नाही ओतलं तर काकू पट्ट्या ठेवून घेणार, खोलीही जाणार, म्हणून मी त्यांच्या व्हरांड्यात ओतत राहिले. मराठी घर आहे, पोरगी सुखरूप आहे, या एका गोष्टीवर माय गावात ताठ मानेनं फिरायची. तिला मी पेपरचं कधी सांगितलं नाही.

रोहनची पार्सलं मात्र यायची. हेल्मेट घातलेला माणूस गेटवर हॉर्न वाजवायचा. काकू स्वतः लगबगीनं जायच्या, पाकीट पदरानं पुसायच्या आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या. "प्रोटीन आहे म्हणे जिमचं," मला कौतुकानं सांगायच्या. पाकिटाला काठी लावलेली मी कधी पाहिली नाही.

एका रविवारी दुपारी खालून काकूंची किंकाळी आली. मी एकटीच वर होते, धावत गेले. रोहन न्हाणीघरात पडला होता. तोंडाला फेस, ओठ निळे. काका एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत राहिले. मी रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला. रिक्षावाल्यानं आणि मी रोहनला उचलून आत घातलं. वाटेत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. झोपाळ्यावरून हसणारं तेच डोकं. मी ते सांभाळून धरलं. नाही धरलं असतं तर मी मायची पोरगी कसली.

दवाखान्यात डॉक्टरनं पहिलाच प्रश्न केला. "क्या लिया इसने? जल्दी बोलो."

"कुछ नहीं," काका म्हणाले. "बाहर का खाना खाया."

"खाने से ऐसा नहीं होता. क्या लिया बोलो, नहीं तो मैं क्या दवा दूँ?"

काकूंनी माझा हात धरला आणि मला पाण्याच्या कूलरमागं नेलं. इतक्या काळात पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला होता.

"बेटा, तू सांग ना त्यांना. तुझ्या आईच्या गोळ्या खोलीत होत्या, यानं चुकून घेतल्या म्हणून. पोलीस येतील गं, त्याचं कॉलेज जाईल, जन्माचं नुकसान होईल. तुमच्याकडे काय, तुमच्याकडे हे चालतंच."

चालतंच.

डोक्यात तिडीक गेली. मला मायची बोटं दिसली. पोशव्वाची खाट दिसली. ही बाई स्वतःच्या पोटच्या पोराला चुकीचं औषध द्यायला तयार होती, पण त्याच्या नावापुढं 'नशा' हा आमच्यासाठी राखलेला शब्द लागू द्यायला तयार नव्हती. आमचं नाव काय, चिखलाचंच. त्यावर आणखी थोडा चिखल टाकला तर कुणाला दिसणार, असा हिशेब.

मी हात सोडवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "डॉक्टर साब, मेरी माँ की गोली नहीं है. इसके पार्सल आते हैं. कमरे में देखो."

"गप्प बस!" काकू ओरडल्या.

"मी गप्प बसले तर तो मरेल, काकू. आणि खून माझ्या मायच्या नावावर लागेल. नाही बसणार."

काका उठून बाहेर गेले. घर जवळच होतं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात प्रोटीनचा डबा होता आणि डब्यात रंगीत गोळ्यांची पाकिटं. डॉक्टरनं ती हिसकावून घेतली. रोहन वाचला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोराचा जीव तो.

गल्लीत काका-काकूंनी सांगितलं, कावीळ झाली. मग रोहन विश्रांतीला गेला, बागेत बसून चहा देतात अशा कुठल्याशा ठिकाणी. माझ्या मायचं ते व्यसन होतं. रोहनचा तो आजार. आभार कुणी मानले नाहीत, मी वाटही पाहिली नाही. पण एक वाटलं होतं. आता निदान व्हरांड्यातला पेपर बंद होईल.

पुढच्या वेळी गावाहून आले तर पेपर अंथरलेला. काठी टेकवून काकू उभ्या. आमच्या तिघींतली बोधनकडची मुलगी माझ्या मागोमाग त्याच गाडीनं आली होती, ती गेटातच थबकली.

"ओत," काकू म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी बॅग खांद्यावरून उतरवलीच नाही. वाकले, पेपर उचलला, चार घड्या घातल्या आणि त्यांच्या हातात दिला.

"हा आत न्या, काकू. पार्सल येतं तिथं अंथरा."

"आमच्या घरात राहायचं असेल तर..."

"नाही राहायचं."

बोधनच्या मुलीनं आपल्या बॅगेची चेन मुठीत घट्ट धरली होती. तिनंही ओतलं नाही. काकूंची काठी तशीच हातात राहिली.

आता बोधनची मुलगी आणि मी गौलीगुड्यात राहतो, बस स्टँडच्या मागं, एका खोलीत. मायच्या गोळ्या बंद झाल्या. तिची बोटं आताही विड्या वळतात, पण ती सुपावरच. पेपरचं मी तिला शेवटी सांगितलं. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तवाच कामून नाही सांगितलंस?"

आता सांगते आहे. जो कुणी माझ्यासमोर 'तुमच्या भागातलं' म्हणेल, त्याला मी पोशव्वाचं नाव सांगणार. पावडर कुठल्या शेडमधून निघाली, गाडी कुणाची, गेट कुणी उघडलं, हे विचारणार. मंगल कार्यालयात विचारणार, दुकानात विचारणार, व्यासपीठावरून व्यसनमुक्तीची भाषणं ठोकणाऱ्याला भर सभेत उभी राहून विचारणार. माझी बॅग आता कुणी उघडणार नाही. आमच्या झडत्या पुष्कळ झाल्या. आता झडती मी घेणार, आणि सुरुवात तुमच्या गेटापासून.