धुतलेला डॉलर

ऑरिन टिप्टन आणि वेंडेल ग्रूब पहिल्यांदा भेटले तेव्हा वूस्टर गावाचा पाया हादरला होता, असं ऑरिन आजही सांगतो. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत सिगारची एक पेटी होती. एक टोक ऑरिनच्या हातात, दुसरं वेंडेलच्या, आणि दोघंही सोडेनात. ऑरिनच्या म्हणण्याप्रमाणे ही ओढाताण चालू असताना प्रवचन संपलं, दोन लग्नं लागली, बर्फ वितळला आणि ट्युलिप फुलले. शेवटी पेटीच फाटली. तेव्हा कुठे उलगडा झाला की वेंडेलला आतली नाणी हवी होती आणि ऑरिनला आतल्या पाकिटांवरची पोस्टाची तिकिटं.

"तोंड नव्हतं का तुला, गाढवा?" वेंडेल म्हणाला. मैत्री झाली ती तिथे.

पुढे दोघं दर मंगळवारी लायब्ररीच्या तळघरात, गावच्या नाणी-तिकीट मंडळात, एकमेकांचा अपमान करायला नियमाने जमू लागले. २००७ च्या फेब्रुवारीत सरकारने डॉलरच्या नव्या नाण्यांची मालिका काढली, एकेका राष्ट्राध्यक्षाचं एकेक नाणं, तेव्हा वेंडेल पेटलाच.

"वर्षाला चार-चार राष्ट्राध्यक्ष. ही काय नाणी आहेत? हा रतीब आहे. आणि कागदी डॉलर असताना ही वजनं खिशात घेऊन कोण फिरणार? माझी पँट आधीच खाली येते."

"ती डोनटमुळे येते," ऑरिन म्हणाला.

"तू बोलूच नकोस. तुझी तिकिटं आता चाटावीसुद्धा लागत नाहीत."

हे मात्र ऑरिनला लागलं. पाकिटाचा तुकडा कोमट पाण्याच्या बशीत सोडायचा, तिकीट आपणहून कागद सोडेपर्यंत वाट बघायची, मग ते चिमट्याने अलगद उचलून पंच्यावर वाळत घालायचं, हे त्याचं चाळीस वर्षांचं सुख होतं. हल्लीची चिकटपट्टीवाली तिकिटं पाण्यात रुसलेल्या जावयासारखी बसून राहत. बशी कोरडी पडली होती आणि ऑरिनचे हात शिवशिवत होते.

नीट शिव्या देता याव्यात म्हणून वेंडेलने बँकेतून नव्या नाण्यांची एक कागदी गुंडाळी आणली. त्यातल्या एका नाण्याची कड गुळगुळीत निघाली. तिथे साल आणि अक्षरं कोरलेली असायला हवीत. टांकसाळीत ती राहूनच गेली होती. चुकलेल्या नाण्यासाठी नाणेवाले जीव टाकतात. वेंडेल एका रात्रीत मालिकेचा भक्त झाला.

पण एप्रिलमध्ये त्याच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. जाण्याआधी त्याने प्लास्टिकच्या डबीतलं ते नाणं ऑरिनच्या हातात ठेवलं.

"सून आलीय घर आवरायला. ती दिसेल ते घासते. माझा बिडाचा तवा साबणाने घासला तिने. जूनमध्ये कोलंबस शहरातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात हे मांडायचंय. त्यासाठीच तर छाती उघडून देतोय त्या डॉक्टरला. तू फक्त सांभाळ. काही करू नकोस."

"मी काय करणार?" ऑरिन म्हणाला.

ऑपरेशनच्या दिवशी तो सकाळपासून स्वयंपाकघरात फोनजवळ बसून होता. फोन वाजेना. डबी उघडून बघितली, तर नाण्यावरच्या वॉशिंग्टनच्या गालावर डोनटच्या जॅमचा डाग. वेंडेलचाच अंगठा, दुसरा कुणाचा? हा डाग घेऊन तो लोकांसमोर जाणार? ऑरिनने बशी काढली. कोमट पाणी घेतलं. नाणं काही कागदाला चिकटलेलं नाही, म्हणून भांड्यांच्या साबणाचा एक थेंबही टाकला. मग पंच्याने पुसलं, प्रेमाने, चांगलं चोळून. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात त्याची बायको आर्डिथ आत आली. बशी बघितली, पंचा बघितला.

"ऑरिन, तू ते धुतलंस?"

"डाग होता."

"वेंडेल तीस वर्षं आपल्या टेबलाशी बसून काय ओरडतोय? नाणं धुवायचं नाही, पुसायचं नाही, रेघा पडल्या की किंमत गेली."

ऑरिनने भिंग लावलं. वॉशिंग्टनच्या गालावर मांजराने नख्या ओढाव्यात तशा बारीक रेघा होत्या. त्याच क्षणी फोन वाजला. ऑपरेशन छान झालं होतं, आणि ऑरिनला आनंदाने खुर्चीत बसवेना की दुःखाने, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

दवाखान्यात वेंडेल नळ्यांमधून विचारायचा, "कसं आहे माझं पोर?" ऑरिन म्हणायचा, "चमकतंय." खोटं नव्हतं ते, आणि म्हणूनच त्याला घरी आल्यावर जेवण जाईना.

मे महिन्यात वेंडेल काठी टेकत दारात आला. डबी उघडली, भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"कुठला साबण?" त्याने विचारलं.

"भांड्यांचा. एकच थेंब. वेंडेल, अरे, जॅमचा डाग होता."

"सुनेने धुतलं असतं तर ओरडलो असतो."

"मग ओरड ना."

वेंडेल ओरडला नाही. डबी टेबलावरच ठेवून त्याने आर्डिथला कॉफीबद्दल थँक यू म्हटलं आणि गेला. त्यानंतरच्या मंगळवारी तळघरात त्याची खुर्ची रिकामी होती.

कोलंबसला ऑरिन एकटाच गेला. तिथे गुळगुळीत कडेचे डॉलर टेबलाटेबलांवर पडले होते. तोवर देशभरात तसे हजारोंनी निघाले होते. त्याने वेंडेलला फोन करून तसं सांगितलं. वेंडेल म्हणाला, "हो, वाचलं मी."

ऑक्टोबरात वेंडेल मुलाकडे टूसॉनला राहायला गेला. नाणं ऑरिनच्या स्वयंपाकघरातल्या खणात रबरबँडांबरोबर पडलेलं आहे.