वाणात वाटलेलं पुस्तक

बाबांचं पुस्तक वाचायची परवानगी बाबांना नाही, हे संगणकाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं असेल. माझ्या हातून तसं होतं. पण पुन्हा पुन्हा करून पाहिलं तरी तेच येत होतं. हे पुस्तक कॉपीराइटखाली आहे, वाचकाला एका वेळी यातल्या फक्त तीन ओळी पाहता येतील. बाबा शेजारच्या खुर्चीत पुढे वाकून बसले होते.

"त्यांना सांग, लेखक स्वतः इथे बसलाय," ते म्हणाले.

आता हे मी कुणाला सांगणार होते?

बाबा इथे ग्वाल्हेरच्याच एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली भाषा कशी टिकली, कशी बदलली, यावर त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्याचं नाव इतकं लांब होतं की मुखपृष्ठावर चित्राला जागाच उरली नव्हती. नई सडकवरच्या एका छापखान्याच्या मालकाने तो हौसेने छापला आणि हौस फिटल्यावर उरलेले गठ्ठे आमच्या घरी आणून टाकले. ते दिवाणाखाली राहिले. आईला केर काढताना त्यांचा त्रास व्हायचा.

एका वर्षी बाबा परीक्षेच्या कामासाठी उज्जैनला गेले आणि इकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बायकांना वाण काय लुटायचं, असा प्रश्न होता. कुणी स्टीलच्या वाट्या देतं, कुणी प्लॅस्टिकचे डबे. आईने त्या वर्षी तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या ओटीत इतिहास घातला. बायकांनी पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि घरी नेलं. बाबा परत आले तेव्हा दिवाणाखाली स्वच्छ फरशी होती. ते आधी चिडले. मग दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की पहिली आवृत्ती संपली.

स्वतःसाठी ठेवलेली एकुलती एक प्रत त्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयाला दिली होती. कॉलेजने ती स्कॅनिंगसाठी पाठवली, ती एका मोठ्या डिजिटल ग्रंथालयात जाऊन बसली, आणि मूळ प्रत त्यानंतर कुठे गेली ते कॉलेजात कुणालाच सांगता येईना. आमचं पुस्तक अशा रीतीने सगळ्या जगासाठी उपलब्ध झालं आणि आमच्या घरातून नाहीसं झालं.

तरी बाबांना इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते पुण्याच्या एका तरुण अभ्यासकामुळे. त्याच्या लेखात बाबांच्या नावावर एक वाक्य होतं: "ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने मराठी टिकवली ती सवयीने, प्रेमाने नव्हे." भाच्याने लेखाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि आमच्या घरातली शांतता गेली.

"हे मी लिहिणं शक्यच नाही," बाबा म्हणाले. "पुढे काहीतरी आहे. 'असे म्हणणे अन्यायाचे होईल' असं असणार. यानं अर्धं वाक्य उचललंय."

त्यांचा संताप मला कळत होता. नोकरी संपल्यावरही त्यांनी रविवारी पोरांना जमवून मराठी शिकवली. नातवंडं हिंदीत बोलली तर त्यांना ऐकूच यायचं नाही. अशा माणसाच्या नावावर हे वाक्य राहणार होतं. त्यात पडाव भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की त्यांच्या नजरेचा मधला भाग हळूहळू जाणार, कडेचं तेवढं दिसत राहील. जायच्या आत ते पान मला माझ्या डोळ्यांनी पाहायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी त्या अभ्यासकाला फोन लावून दिला. तो फारच सभ्य निघाला.

"सर, मलाही तेवढंच दिसलं," तो म्हणाला. "तीन ओळी दिसतात ना, त्यातली तिसरी 'नव्हे'वरच कापली जाते, पुढे पूर्णविराम आहे की नाही तेही कळत नाही. पुस्तक कुठेच मिळत नाही. पुढे काय आहे ते तुम्हीच सांगा ना, सर. पानाचा फोटो पाठवलात तर मी पुढच्या अंकात खुलासा छापतो."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. पुढे काय आहे ते त्यांनाही आठवत नव्हतं.

मग आम्ही पुस्तकाला शब्द घालून पाहू लागलो. एखादा शब्द शोधला की तो जिथे असेल तिथल्या तीन ओळी उघडत. बाबा पुढच्या ओळीतले शब्द अंदाजाने सांगत आणि मी टाइप करी. 'अन्याय' शोधला, काही आलं नाही. 'कृतघ्न' शोधला, नाही आलं. 'प्रेम' शोधला तर संगणकाने मोठ्या खुशीने 'प्रेस' दाखवला, छापखान्याचा पत्ता. "यंत्राला मराठी येत नाही," बाबा म्हणाले आणि मला 'जिव्हाळा' टाइप करायला सांगितलं. तोही नव्हता. मी मनातून जरा चरकले.

शेवटी डिजिटल ग्रंथालयाला मेल लिहिली. उत्तर आलं, तेही लवकर. पुस्तकावर 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' असं छापलेलं असल्यामुळे प्रकाशकाचं ना-हरकत पत्र जोडावं. ते नसल्यास लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक आपोआप सर्वांसाठी खुलं होईल, त्यासाठी लेखकाचं मृत्यूवर्ष कळवावं.

बाबांनी तिथल्या तिथे उत्तर सांगितलं. "लिही. लेखक अद्याप हयात आहे. विलंबाबद्दल क्षमस्व."

मी ते खरंच पाठवलं. त्यावर त्यांचं उत्तर आलं की आपली नोंद घेतली आहे.

नई सडकवर छापखान्याच्या जागी आता लग्नपत्रिकांचं दुकान आहे. जुन्या मालकाचा नातू गल्ल्यावर असतो. मी त्याला सगळं नीट समजावलं आणि फक्त एक सही मागितली. आपल्या आजोबांनी पुस्तक छापलं होतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो आधी हसला, मग एकदम गंभीर झाला.

"मतलब ये किताब हमारी है?"

"तशी तुमचीच म्हणायची," मी म्हणाले. हे मी का म्हणाले, देव जाणे.

"तो आंटीजी, ऐसे कैसे साइन कर दें? पापा से पूछना पड़ेगा. वकील साहब से भी."

क्षणापूर्वी ज्या गोष्टीचा पत्ता नव्हता तिचा वारस झाल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावर एक जबाबदारी आली. त्याने मला चहा पाजला, एक पत्रिका दाखवली, पण सही दिली नाही. नंतर मी जाताना दिसले की तो फोनवर बोलायला लागायचा.

आमच्यातही एक वकील आहे, माझा चुलतभाऊ. त्याने विचारलं, "लेखी करार झाला होता का?" बाबा म्हणाले, "कसला करार? बासुंदी प्यायलो आणि हस्तलिखित दिलं." भाऊ खूश झाला. लेखी करार नाही म्हणजे हक्क हस्तांतरित झालाच नाही, तो लेखकाकडेच आहे, आतल्या पानावर काही का छापेनात. आम्ही हे ग्रंथालयाला कळवलं. त्यांनी करार झाला नसल्याचा कागद मागितला. जो कागद नव्हता तो नसल्याचा कागद कुणाकडून आणायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. माझं डोकं उठलं. ज्यांच्याकडे पुस्तक होतं ते कायद्याने दाखवू शकत नव्हते, ज्याने लिहिलं तो कायद्याने मालक असून पाहू शकत नव्हता, आणि कायदा, असं भाऊ म्हणत होता, लेखकाच्या भल्यासाठीच केलेला आहे.

यात महिने गेले. बाबांना आता समोरच्या माणसाचं तोंड दिसेनासं झालं होतं. कान दिसायचे.

तेव्हा आई बोलली. इतके दिवस ती भाजी निवडत सगळं ऐकत होती. "तुम्ही लोक फालतू परेशान होताय. वाण दिलं होतं न मी. कुणाकडे तरी असेलच."

मी बायकांना फोन करत सुटले. एक वारली होती. एक इंदूरला मुलाकडे गेली होती. एकीने घर बदलताना रद्दीत दिलं होतं आणि आईशी बोलताना ती अर्धा तास रडली. हरिशंकरपुरममधल्या एका काकूंनी मात्र पुस्तक जपून ठेवलं होतं, देवघरात, पोथ्यांच्या खाली. पण त्या ते घराबाहेर देईनात.

"वाण आहे ते," त्या फोनवर म्हणाल्या. "ह्यांची तब्येत तशीही ठीक नाही राहत. सौभाग्याचं वाण घरातून परत कसं पाठवू? तुम्ही इथे येऊन वाचा. मैं कहाँ मना कर रही हूँ."

मला वाटलं आई त्यांना समजावेल. आईने उलट त्यांचीच बाजू घेतली. दिलेलं वाण परत आणायचं नसतं म्हणजे नसतंच.

तेव्हा आम्ही तिघं रिक्षाने हरिशंकरपुरमला गेलो. काकूंनी पुस्तक देवघरातून आणून पाटावर ठेवलं. मुखपृष्ठावर कुंकवाचा डाग होता, आत उदबत्तीचा वास होता. पानं एकमेकांना चिकटली होती, कधी उघडलीच गेली नव्हती. बाबांनी ते हातात घेतलं, तोंडाजवळ नेलं, डावीकडे धरलं, उजवीकडे धरलं. "कडा छान दिसतायत," ते म्हणाले. "मजकूर नाही दिसत."

मी मोबाइल काढला. "खबरदार!" ते ओरडले. "हक्काचा निकाल लागलेला नाही. फोटोबिटो नाही. तू वाच."

पान सापडलं. ते वाक्य पानाच्या अगदी तळाशी होतं. 'नव्हे' आणि पूर्णविराम. उलटल्यावर नवं प्रकरण सुरू होत होतं. पुढे काहीच नव्हतं.

बाबा मान तिरकी करून माझ्याकडे पाहत होते. मी वाचायला लागले. "ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने मराठी टिकवली ती सवयीने, प्रेमाने नव्हे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजारपणात, रागात आणि देवापुढे माणूस जी भाषा बोलतो, ती सवयीची नसते. ज्या भाषेत आपल्याला कुणी थोपटलेले असते, तिच्याकडे तो दमून परत येतो." मी कुठून हे सगळं आणत होते मला माहीत नाही.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"पहिल्यांदा 'आजारपणात' आधी होतं," ते म्हणाले. "आता 'रागात' आधी आलं. मी जन्मभर कॉप्या पकडल्यात. तिथे काय आहे ते वाच."

मी जे होतं ते वाचलं.

"पूर्णविराम?"

"पूर्णविराम, बाबा."

काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. बाबांनी पुस्तकावरून हात फिरवला. "लिहिलंय मी," ते म्हणाले. "तेव्हा मला सगळ्यांचा राग यायचा."

"माझा पण," आई म्हणाली.

"तुझा पण." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "त्या पुण्याच्या पोराला फोन कर. सांग, त्याचं बरोबर आहे. मीच लिहिलंय."

मी हो म्हणाले आणि पुस्तक मिटून काकूंकडे दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं. मला वाटलं, झालं, आता निघायचं. पण बाबा उठेनात.

"ते मगाचं सांग," ते म्हणाले. "तुझं."

"मला आता तसंच्या तसं आठवत नाही, बाबा."

"येईल तसं सांग." त्यांनी मान वळवली, मी त्यांच्या नजरेच्या कडेला येईपर्यंत वळवली. "आणि हळू सांग. मला पाठ करायचंय."